भूगर्भाचा विद्युतवेध घेणारे कॉनराड श्लुम्बर्जे

जमिनीच्या पोटात काय दडले आहे, हे ती न खोदता जाणण्याची विद्या विसाव्या शतकाच्या प्रारंभी बाल्यावस्थेत होती. तिला विजेची जोड देणाऱ्यांत फ्रेंच शास्त्रज्ञ कॉनराड श्लुम्बर्जे यांचे नाव अग्रस्थानी घ्यावे लागते.

आल्सेसमधील गेबविलर येथील वस्त्रोद्योजक घराण्यात १८७८ साली त्यांचा जन्म झाला. खाणकाम अभियंता झाल्यावर ते पॅरिसच्या खाण महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागले. चुंबकीय पद्धती तेव्हा परिचित होती. परंतु ती लोहखनिजापलीकडे फारशी उपयोगी पडत नसे. गुरुत्वमापनाला घनतेतील फरक लागे. खडकांच्या विद्युतरोधात मात्र प्रचंड तफावत असते, हे कॉनराड यांनी हेरले. तांब्याच्या टबात वाळू भरून केलेल्या प्रयोगांनंतर १९१२ मध्ये त्यांनी नॉर्मंडीतील कौटुंबिक जमिनीवर जमिनीत वीज सोडून समविभव रेषांचा नकाशा काढला. १९१३ मध्ये सर्बियातील बोर येथे ताम्रधातुकाने स्वतःच निर्माण केलेल्या क्षीण विद्युतदाबावरून त्यांनी खनिजसाठ्याचा माग काढला.

महायुद्धाने हे काम थांबले. १९१९ मध्ये वडील पॉल यांनी पाच लाख फ्रँक देऊ केले, ते आर्थिक लाभापेक्षा विज्ञानाला अग्रक्रम देण्याच्या अटीवर. धाकटे बंधू मार्सेल हेही या कार्यात सामील झाले.

तथापि मार्ग निष्कंटक नव्हता. खारे पाणी मुरलेली चिकणमाती आणि धातुक दोन्ही विजेला वाट देतात. शिवाय खोली वाढत जाते तसतसे मापन धूसर होते. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर मिठाचे घुमट शोधताना गुरुत्वमापक तुला आणि सुरुंगाच्या कंपनलहरींवर आधारित पद्धती यांनी बाजी मारली. खोलवरच्या थरांची रचना उलगडण्यात कंपनलहरींची बरोबरी विजेला करता आली नाही.

या मर्यादेतूनच नवी वाट निघाली. वरून दिसत नसेल, तर उपकरणच खाली उतरवावे, असा तो विचार होता. ५ सप्टेंबर १९२७ रोजी पेशलब्रॉन तेलक्षेत्रातील एका विहिरीत कॉनराड यांचे जामात आंरी डॉल व सहकाऱ्यांनी विद्युताग्रे सोडून मीटरमागून मीटर रोध नोंदविला. तेलयुक्त खडकाचा रोध अधिक, तर खाऱ्या पाण्याच्या खडकाचा कमी. त्यामुळे आलेख थरांची ओळख पटवू लागला. ही पद्धती पुढे तेलविहिरींच्या तपासणीचा आधार ठरली.

सोव्हिएत संघातून परतत असताना १९३६ मध्ये स्टॉकहोम येथे कॉनराड यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची चार विद्युताग्रांची रचना भूजलशोधात आजही वापरात आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकात विंधनविहिरीची जागा निश्चित करताना महाराष्ट्रातील भूजलतज्ज्ञ तिचाच आधार घेतात. मात्र एकाच मापनावर विसंबू नये, त्याला भूशास्त्रीय पाहणीची जोड द्यावी, हा धडाही त्यांच्या अनुभवातूनच मिळतो.