सम्राट अशोक आणि कलिंगचे युद्ध



आपल्या घरी तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. अशोकाची क्वचितच असते. पण त्याची खूण रोज आपल्या हातात येते. नाण्यावरचे सिंह त्याच्या सारनाथच्या स्तंभावरचे, झेंड्यावरचे चक्रही तिथलेच. हा राजा कोण, असे मुलांनी विचारले की, फार चांगला राजा होता, एवढे सांगून आपण मोकळे होतो. तेवढ्याने भागत नाही. ज्याच्या स्वारीत लाख माणसे मेली, तो आपल्या आदराला पात्र कसा झाला, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र. राजपुत्र असताना तो उज्जैनीचा कारभार पाहत होता, असे सिंहलचे बौद्ध ग्रंथ सांगतात. इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास पाटलिपुत्रास त्याचा राज्याभिषेक झाला. अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत मौर्यांची सत्ता होती. पूर्व किनाऱ्यावरचा कलिंग, म्हणजे आजचा ओडिशा व लगतचा आंध्रचा भाग, मात्र स्वतंत्र होता.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर अशोकाने कलिंगवर स्वारी केली. कशासाठी? त्याच्या तेराव्या शिलालेखात मेलेल्यांची संख्या आहे, पश्चात्ताप आहे, पण युद्धाचे कारण नाही. तरी ते शोधायला फार दूर जावे लागत नाही. कलिंगजवळ समुद्रकिनारा होता आणि समुद्राचा व्यापार होता. मगधातून दक्षिणेकडे जाणारी किनाऱ्याची वाट त्याच मुलखातून जाई. पूर्वी एका नंद राजाचा अंमल तिथे पोहोचला होता, हे हाथीगुंफेच्या लेखावरून दिसते. पुढे तो मुलूख सुटला. कलिंगच्या राजाजवळ ६०,००० पायदळ, १,००० घोडेस्वार आणि ७०० हत्ती असल्याचे रोमन लेखक प्लिनीने नोंदविले आहे. असा शेजारी कोणत्याही साम्राज्याच्या डोळ्यांत सलतो.

हे झाले राजकारण. त्याला धर्माचाही आधार मिळत असे. त्या काळच्या राजनीतीत शेजारचे राज्य जिंकणे हा राजाचा गुण समजला जाई. ब्राह्मणी राजधर्माने त्याला पुण्य जोडले होते. दिग्विजय करणारा राजा थोर, अश्वमेध करणारा त्याहून थोर, आणि रणात पडलेला क्षत्रिय थेट स्वर्गात. खजिन्याची आणि व्यापाराची हाव कोणी उघड बोलून दाखवीत नाही. तिच्यावर धर्माचे वस्त्र घातले की तीच हाव कर्तव्य म्हणून मिरवते. युद्ध पुकारणाऱ्या सत्तेची ही जुनीच रीत आहे.

आता हिशेब पाहा. अशोकानेच तो दगडावर कोरविला. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख रणात मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे मागाहून मेली. तो सैनिकांपाशीच थांबला नाही. आईबापांची सेवा करणारे, मित्रांशी आणि नोकरचाकरांशी नीट वागणारे साधे गृहस्थ, त्यांची ताटातूट, वाचलेल्यांना झालेले आप्तांचे दुःख, हे सारे त्याने लिहविले. जिंकलेल्या राजाने स्वतःच्या विजयाचे असे मोजमाप मांडणे ही जगात दुर्मिळ गोष्ट आहे.

एका दिवसात चमत्कार झाला, असे मात्र मुलांना सांगू नका. अशोकाने कलिंग परत दिला नाही. सैन्यही मोडले नाही. जंगलातल्या लोकांना, पश्चात्ताप झाला तरी माझ्या हाती बळ आहे, असा इशाराही त्याच लेखात आहे. उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपण फारसा उद्योग केला नाही, हे त्याने दुसऱ्या एका लेखात कबूल केले आहे. संघाच्या सहवासात आल्यावर तो नेटाने कामाला लागला. दीक्षा घेऊनही घरातल्या जुन्या चाली लवकर सुटत नाहीत म्हणून खंतावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दीक्षा ही सुरुवात आहे. पुढचे काम रोजचे आहे.

ते काम अशोकाने केले. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, विहिरी खोदविल्या, वाटेवर झाडे लावली. शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्या आणि बोधगयेला गेला. खरा विजय धम्माचा, असे ठरवून त्याने विजय या शब्दाचा अर्थच पालटला. कलिंगमध्ये धौली आणि जौगड येथे तो तेरावा लेख त्याने कोरविला नाही. त्या जागी वेगळे लेख आहेत. सर्व प्रजा माझी मुले आहेत, कोणालाही विनाकारण कैदेत टाकू नये, छळू नये, अशी ताकीद त्यांत अधिकाऱ्यांना दिली आहे.

हा धम्म आपल्या मुलखातही आला. महाधम्मरक्खित थेर महाराष्ट्रात आले, असे महावंस सांगतो. वसईजवळच्या सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली सापडला आणि नवव्याचा १९५६ साली. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. रक्त न सांडता मिळविलेला तो विजय होता.

अशोक इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास वारला. मुलांना त्याची गोष्ट सांगताना एक सवय लावा. देशाच्या किंवा धर्माच्या नावाने कोणी शस्त्र उचलायला सांगितले, तर आधी तीन प्रश्न विचारायचे. लाभ कोणाचा? मरणार कोण? मागे रडणार कोण? अशोकाला हे प्रश्न युद्धानंतर सुचले. आपल्या मुलांना ते आधी सुचले पाहिजेत.