चिंतामणराव देशमुख

रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. पुढे केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करून १९१८ साली त्यांनी आय. सी. एस. परीक्षेतही पहिला क्रमांक पटकाविला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. युद्धानंतर राष्ट्राराष्ट्रांतील पैशाचे व्यवहार सुरळीत चालावेत, म्हणून जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या दोन संस्थांची घटना तेथे तयार व्हावयाची होती. भारत परतंत्र असल्यामुळे त्याच्या प्रतिनिधिमंडळाचा प्रमुखही एक इंग्रज अधिकारीच होता. असे असूनही चिंतामणराव व त्यांचे भारतीय सहकारी यांनी देशाची बाजू निर्भयपणे मांडली.

युद्धात भारताने पुरविलेल्या मालाचे फार मोठे देणे इंग्लंडकडे थकले होते. ते फेडून घेण्याच्या कामी नाणेनिधीचे साहाय्य मिळावे, ही भारताची मागणी होती. इंग्लंड व अमेरिका या बलाढ्य राष्ट्रांनी ती अमान्य केली. तेवढ्याने निराश होऊन भारतीय प्रतिनिधी परिषद सोडून गेले नाहीत. दरिद्री देशांच्या विकासाकडे या संस्थांनी लक्ष पुरवावे, हा आग्रह त्यांनी चालू ठेवला. अल्पविकसित देशांच्या साधनसंपत्तीचा विकास हे जागतिक बँकेचे एक उद्दिष्ट म्हणून घटनेत नमूद झाले. नाणेनिधीत भारताचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला व त्याला सहावे स्थान मिळाले. ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, अशा पाच राष्ट्रांना कार्यकारी मंडळावर स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार होता. पुढे रशिया निधीत सामील झाला नाही. त्यामुळे भारत पाचवा ठरला व तो अधिकार त्याला लाभला.

१९५० साली स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणरावांनी त्याच वर्षी पॅरिस येथे या दोन्ही संस्थांच्या संयुक्त सभेचे अध्यक्षपद भूषविले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

एक मागणी फेटाळली गेली, तरी दुसरीसाठी शांतपणे पुन्हा बोलावयास बसणे, हेही देशसेवेचेच एक रूप आहे.