जेट इंजिन सुरू करायला शिकवणारं ‘किरण’ विमान कोणी बनवलं?

निवडणुकीत अहमदपुरात उतरणारं हेलिकॉप्टर असो की हवाई दलाचं जेट, टर्बाइन इंजिन नुसती चावी फिरवून सुरू होत नाही. स्टार्टर आधी इंजिन फिरवतो, हवा आत ओढली जाते, मग इंधन पेटतं. फेरे पुरेसे वाढायच्या आत इंधन सोडलं तर हवा कमी पडते, तापमान सेकंदांत चढतं आणि टर्बाइनची पाती कायमची खराब होऊ शकतात. याला ‘हॉट स्टार्ट’ म्हणतात. म्हणून पायलटची नजर फेरे आणि तापमानाच्या काट्यांवर असते, हात इंधन तोडायच्या तयारीत.

हे नवशिक्याला शिकवायचं कशावर?

विष्णू माधव घाटगे १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूत जन्मले. जर्मनीत गॉटिंगनला लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली. पुढे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी बनवलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडालं. पण त्याचं इंजिन पिस्टनचं, म्हणजे बुलेटच्या जातीचं. जेटचा स्वभावच वेगळा!

त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं ‘किरण’ ४ सप्टेंबर १९६४ ला उडालं. इंजिन मात्र ब्रिटिश, ‘वायपर’. एचटी-२ मध्ये शिकाऊ आणि प्रशिक्षक पुढेमागे बसत. किरणमध्ये शेजारी शेजारी. काटा भलतीकडे निघाला तर तो दोघांनाही दिसणार.

पुढच्या वर्षी घाटगेंना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले. हवाई दलाचं ‘सूर्यकिरण’ पथक २०११ पर्यंत किरणच उडवत होतं.