कार्ल थिओडोर ड्रायर

कार्ल थिओडोर ड्रायर (३ फेब्रुवारी, १८८९:कोपनहेगन, डेन्मार्क - २० मार्च, १९६८:कोपनहेगन) हे डॅनिश चित्रपट दिग्दर्शक व पटकथालेखक होते.

ड्रायर यांचा जन्म एका अविवाहित स्वीडिश स्त्रीच्या पोटी झाला. कोपनहेगनमधील एका मुद्रणकामगाराने त्यांना दत्तक घेऊन स्वतःचेच नाव दिले. प्रारंभी ते पत्रकार होते. पुढे नॉर्डिस्क फिल्म या कंपनीत मूकपटांचे लेखन करता करता ते दिग्दर्शनाकडे वळले. १९२८ साली फ्रान्समध्ये काढलेल्या जोन ऑफ आर्कवरील मूकपटाने त्यांना कीर्ती दिली, पैसा मात्र दिला नाही.

व्हाम्पिर

'व्हाम्पिर' (१९३२) हा ड्रायर यांचा पहिला बोलपट. आयरिश लेखक शेरिडन ले फॅन्यू यांच्या कथांवर तो सैलपणे आधारलेला आहे. निकोला द गुन्झबुर्ग या धनिक तरुणाने त्यासाठी पैसा पुरविला आणि ज्युलियन वेस्ट या नावाने नायकाची भूमिकाही केली. बहुतेक नट हौशी होते.

ॲलन ग्रे हा प्रवासी एका खेड्यातील खाणावळीत उतरतो. रात्री एक अनोळखी वृद्ध त्याच्या बंद खोलीत शिरतो आणि आपल्या मृत्यूनंतर उघडण्यासाठी एक पुडके ठेवून जातो. येथून पुढे कथेचा धागा प्रेक्षकाच्या हातून सुटत जातो. सावल्या देहांपासून वेगळ्या हिंडतात. कोणती खोली कोठे आहे आणि दिवस आहे की रात्र, हेही नीट कळत नाही. एका प्रसंगात नायक स्वतःलाच शवपेटीत पडलेला पाहतो. पेटीच्या काचेतून वर दिसणारे आकाश व झाडे कॅमेरा प्रेताच्या नजरेने टिपतो. हा चित्रपटातील सर्वांत भयप्रद भाग होय, आणि त्यात पिशाच फारसे दिसतही नाही. छायाचित्रकार रुडॉल्फ माटे यांनी कॅमेऱ्यापुढे जाळीदार कापड धरून धूसर प्रकाश साधला. तेव्हा हा गोंधळ दिग्दर्शकाच्या अकुशलतेचा नव्हे. पडद्यावर जागेपणीचे स्वप्न उभे करणे हाच ड्रायर यांचा हेतू होता.

बर्लिनच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही; पहिल्या खेळाला त्यांनी हुर्यो उडविली. ड्रायर यांनी काही दृश्ये कापली, तरी चित्रपट तोट्यातच गेला. त्यानंतर त्यांची मानसिक प्रकृती ढासळली व त्यांना रुग्णालयात राहावे लागले. ते डेन्मार्कला परतून पुन्हा पत्रकारिता करू लागले. पुढचा कथापट 'व्रेडेन्स डाग' यायला १९४३ साल उजाडले. 'व्हाम्पिर'ची मूळ निगेटिव्ह आज उपलब्ध नाही. उरलेल्या प्रती जुळवून तो दाखविला जातो.

उत्तरायुष्य

'ऑर्डेट' (१९५५) या चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. 'गेर्ट्रुड' (१९६४) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. येशू ख्रिस्तावरील चित्रपटाची संहिता लिहून तयार होती, परंतु तो काढण्यापूर्वीच ड्रायर यांचे निधन झाले.