दगडांचा क्रम लावणारे डॉ. सांकलिया

मुलांनो, नेवासे हे गाव तुम्हाला ज्ञानेश्वरीमुळे माहीत आहे. प्रवरा नदीच्या काठी ज्ञानेश्वरांनी तो ग्रंथ सांगितला, त्याला आता सातशेहून अधिक वर्षे झाली. पण त्याच प्रवरेच्या काठात त्याहून शेकडो पटींनी जुनी अशी माणसाच्या हातची वस्तू दडलेली होती. ती नीट ओळखून तिची जागा लावणाऱ्या संशोधकाची ही ओळख.

हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. जन्मतः ते इतके अशक्त होते की हे मूल जगेल अशी घरच्यांना आशा नव्हती. सेंट झेवियर्स कॉलेजातून ते संस्कृत घेऊन बी. ए. झाले. फादर हेरास यांच्या हाताखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला आणि १९३६ साली लंडन विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. विलायतेत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात जाऊन ते खोदकाम शिकले. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले, ते कायमचेच. तोपर्यंत त्यांचा अभ्यास देवळे, मूर्ती आणि शिलालेख यांचा होता. दगडी हत्यारांकडे ते नंतर वळले.

रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला एकोणिसाव्या शतकात गुजरातेत अश्मयुगीन हत्यारे सापडली होती. १९४१ पासून सांकलियांनी तो माग पुन्हा काढला. लांघणज येथे त्यांना नखाएवढी बारीक दगडी हत्यारे आणि माणसांचे सांगाडे मिळाले. या कामात इरावती कर्वे त्यांच्याबरोबर होत्या. दोघांचा त्यावरचा लेख १९४९ साली आपल्या अमेरिकेतल्याच ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात छापून आला.

१९५४ साली त्यांनी नेवाशाला लाडमोड नावाचे टेकाड खणायला घेतले. टेकाडात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. पण जवळच नदीने कापलेल्या उंच दरडीत गोट्यांचे आणि मातीचे थर दिसत होते, आणि सांकलियांचे लक्ष तिकडेही होते. तळाच्या गोट्यांच्या थरात काळ्या दगडाच्या जाडजूड हातकुऱ्हाडी मिळाल्या. वरच्या थरातली हत्यारे निराळीच होती : लहान, अकीक किंवा जॅस्परसारख्या गुळगुळीत दगडाची, आणि त्यांत मोठा भरणा तासण्यांचा.

तासणी म्हणजे तासण्याचे, खरवडण्याचे हत्यार. कातड्याची चरबी खरवडायची, काठी गुळगुळीत करायची. इथल्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवासी बायका बायसनची कातडी दगडी तासणीनेच साफ करीत असत.

आता नदीतल्या लाखो दगडांतून तासणी ओळखायची कशी? नदीत आपटूनही दगड फुटतातच. पण नदी कपचे उडवते ते वाटेल तिथे, वाटेल त्या दिशेने. माणूस आधी मोठ्या दगडावर घाव घालून एक छिलका काढतो. घाव बसला त्या जागेखाली छिलक्याला किंचित फुगवटा येतो. मग त्याच्या एका कडेवरून, बहुधा एकाच बाजूने, बारीक बारीक टवके ओळीने काढतो. ही ओळ म्हणजे माणसाची खूण. आकारावर फार भरवसा ठेवू नये, कडेकडे पाहावे.

सांकलियांचे मोठे काम असे की वरच्या थरातली ही हत्यारे त्यांनी हातकुऱ्हाडींच्या ढिगात मिसळू दिली नाहीत. थर वेगळा, दगड वेगळा, घडण वेगळी. तेव्हा काळही वेगळा, असे त्यांनी मांडले. भारताच्या मध्य पुराश्मयुगाला त्यातून स्वतंत्र जागा मिळाली आणि त्या हत्यारांना ‘नेवासियन’ हे नाव पडले.

पण किती वर्षांपूर्वीची? आम्हा संगणकवाल्यांना ही अडचण चांगली समजते : नोंदी क्रमाने आहेत, पण एकीवरही तारीख नाही. शिकागोच्या विलर्ड लिबी यांनी १९४९ साली कार्बन-१४ ची पद्धत सिद्ध केली होती. नर्मदाकाठच्या नावडातोलीच्या उत्खननातले कोळसे सांकलियांनी पेनसिल्व्हानिया विद्यापीठाकडून तपासून घेतले आणि तिथल्या वस्तीची वर्षे मिळवली. दगडी तासणीत मात्र मोजण्यासारखा कार्बनच नसतो. शेजारी लाकूड मिळाले तरी सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे ही पद्धत थकते. म्हणून त्यांच्या हातात राहिला तो मुख्यतः थरांचा क्रम. तो त्यांनी इतका काटेकोर नोंदवला की पुढच्यांना त्यावर काम करता आले. (नॅशनल पार्कात दगडी बाणाचे टोक दिसले तर उचलायची मनाई असते, ती याचसाठी. जागेवरून हललेला दगड निम्मा मुका होतो.)

१९६९ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, काश्मीरमध्ये पहलगामजवळ लिद्दर नदीच्या काठी त्यांना पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली. १९७३ साली ते निवृत्त झाले, १९७४ साली पद्मभूषण मिळाले आणि २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

तारखेचा प्रश्न पुढे दुसऱ्या वाटेने सुटू लागला. हत्याराभोवतीच्या मातीतल्या खनिजकणांवर शेवटचे ऊन कधी पडले, हे आता प्रयोगशाळेत मोजता येते. चेन्नईजवळच्या अत्तिरामपक्कम येथे, फूटनेच १८६३ मध्ये शोधलेल्या जागी, शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजले. शांतीताई डेक्कन कॉलेजच्याच विद्यार्थिनी. २०१८ साली त्यांनी तिथल्या मध्य पुराश्मयुगाची सुरुवात सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीची असल्याचे प्रसिद्ध केले. हा आकडा पूर्वीच्या अंदाजांच्या खूप मागे जातो आणि त्यावर अजून वाद चालू आहे. क्रम मात्र तोच : खाली हातकुऱ्हाडी, वर छिलक्यांची हत्यारे.

सुट्टीत पुण्याला गेलात तर आजीआजोबांना सांगून डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय जरूर पाहा. कपाटापुढे थांबून आधी दगडाच्या कडेवर टवक्यांची ओळ शोधा, पाटी नंतर वाचा.