चार चौकटींतला संसार

कॉमिक्स म्हणजे पोरांचा उद्योग, असं आपण सहज म्हणून टाकतो. जपानमध्ये मात्र चित्रकथा, म्हणजे मांगा, लहानथोर सगळेच वाचतात. तिथल्या एका बाईने तर साध्या गृहिणीची चित्रकथा काढून अख्ख्या देशाला हसवलं. तिचं नाव माचिको हासेगावा.

माचिकोचा जन्म १९२० चा. तिघी बहिणींतली ही मधली. बालपण फुकुओका शहरात गेलं. वडील लवकर वारले आणि १९३४ मध्ये आई मुलींना घेऊन टोकियोला आली. तिथे माचिको सुइहो तागावा या नामवंत चित्रकाराकडे शिकू लागली. पंधराव्या वर्षीच तिची पहिली चित्रकथा मासिकात छापून आली.

पुढे महायुद्ध पेटलं आणि हे कुटुंब पुन्हा फुकुओकाला आलं. युद्ध संपलं तेव्हा देश बेचिराख झाला होता. १० एप्रिल १९४६ ला जपानी बायकांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. त्यानंतर बाराच दिवसांनी तिथल्या एका सायंदैनिकात माचिकोची 'साझाए-सान' सुरू झाली. साझाए म्हणजे समुद्रातली मोठी गोगलगाय. घरातल्या सगळ्यांचीच नावं अशी समुद्राशी नातं सांगणारी!

ही साझाए धांदरट, पण मनाने मोकळी. रेशनच्या रांगा, टंचाई, घरातल्या कुरबुरी, सगळं वरून खाली चार चौकटींत. पहिलीत प्रसंग सुरू होतो, दुसरीत पुढे सरकतो, तिसरीत वळण घेतो आणि चौथीत हसू फुटतं. शब्द अगदी मोजके. तोंडचे शब्द एक सांगतात, चेहरा भलतंच सांगतो. गंमत असते ती या दोहोंच्या मधे. मैत्रिणींनो, काही झालं नाही असं तोंडाने म्हणायचं आणि चेहऱ्याने सगळं सांगून टाकायचं, हे आपल्याला का नवीन आहे?

पुस्तकं छापायला बहिणींनी स्वतःचंच प्रकाशन काढलं. नाव ठेवलं शिमाइशा, म्हणजे बहिणींची संस्था. पहिलं पुस्तक आडव्या आकाराचं निघालं. दुकानांच्या फळीवर ते नीट बसेना, प्रती परत यायला लागल्या. पैसा अडकला, पण बहिणींनी हात टेकले नाहीत. दुसऱ्या भागाचा आकार लहान केला आणि गाडी रुळावर आली.

पुढे साझाए 'असाही शिंबुन' या मोठ्या दैनिकात गेली आणि १९७४ पर्यंत चालली. सहा हजारांहून जास्त भाग झाले! १९६९ मध्ये ती टीव्हीवर आली आणि सर्वांत जास्त काळ चाललेली कार्टून मालिका म्हणून गिनीज बुकात गेली.

साझाएचं लग्न माचिकोने लावून दिलं, स्वतः मात्र ती अविवाहित राहिली. १९९२ मध्ये ती गेली, आणि त्याच वर्षी सरकारने तिला राष्ट्रीय सन्मान दिला.

आपण घरीच तर असते, असं म्हणताना आपला आवाज नकळत खाली येतो ना? त्याच घरातल्या रोजच्या दिवसावर माचिकोने आयुष्यभराचं काम उभं केलं. तेव्हा पुढच्या वेळी मुलाच्या हातातलं चित्रांचं पुस्तक हिसकावून घेण्याआधी, जरा त्याच्या शेजारी बसून बघा तर खरं.