टायटॅनिक आगबोटीवरील वादक वॉलेस हार्टली ह्याचे चरित्र

सन १९१२ च्या एप्रिल महिन्यात टायटॅनिक ही आगबोट आटलांटिक महासागरात बुडाली, हे वर्तमान ज्याच्या कानी कधी आले नाही असा वाचक विरळाच. त्या बोटीवर वाद्ये वाजविणारे आठ इसम होते, आणि ते आठही जण बुडाले. त्यांच्या नायकाचे नाव वॉलेस हेन्री हार्टली. ह्या ज्युबिलीच्या स्मरणिकेत त्याचे चरित्र द्यावे असे मनात आले, ते मुख्यतः आपल्या गायनवृंदातील मंडळींसाठी. हार्टली आपल्या पवित्र सभेचा नव्हता, मेथॉडिस्ट पंथाच्या घराण्यात तो जन्मला व त्याच पंथात वाढला, हे प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी शंका काढावयास नको. ज्याने जे चांगले केले ते त्याच्या नावे मांडावे, एवढा न्याय आपण करू शकतो.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात कोल्न नावाचा कापड गिरण्यांचा गाव आहे. तेथे २ जून १८७८ रोजी वॉलेसचा जन्म झाला. त्याचे वडील आल्बियन हार्टली हे तेथील बेथेल नावाच्या मेथॉडिस्ट मंदिरात गायनवृंदाचे प्रमुख होते व रविवारच्या शाळेचीही व्यवस्था पाहात. देवा, तुझ्या अधिक जवळ यावे अशा अर्थाचे एक प्रसिद्ध इंग्रजी स्तोत्र आहे. ते त्या मंडळीत प्रथम शिकविले ते ह्याच आल्बियन हार्टलींनी, असे सांगतात. स्तोत्राचा विषय उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातला. याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर निजला व त्याने पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत लागलेली शिडी पाहिली. सकाळी उठून त्याने त्या जागेस बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. वॉलेस लहानपणी ज्या मंदिरात गात असे त्याचे नावही बेथेल, आणि तेथे तो जे स्तोत्र शिकला तेही बेथेलचेच. योगायोग म्हणावा तर म्हणावा.

मंडळीतल्याच एका गृहस्थाने त्यास व्हायोलिन शिकविले. शाळा सुटल्यावर घरच्यांनी त्याला एका बँकेत कारकून म्हणून चिकटविले. मुलाने वाद्य वाजवावे, पण त्यावर पोट भरू नये, ही बापाची समजूत आपल्याकडेही काही कमी नाही. सन १८९५ च्या सुमारास हे कुटुंब हडर्सफील्ड येथे राहावयास गेले, व पुढे काही वर्षांनी वॉलेसने लेखणी ठेवून व्हायोलिनच हाती धरिले. सन १९०३ मध्ये तो ब्रिडलिंग्टन ह्या समुद्रकाठच्या गावी नगरपालिकेच्या वाद्यवृंदात लागला. नंतर फिरत्या संगीत नाटक मंडळ्यांबरोबर हिंडला, लीड्स शहरातील एका कॅफेमध्ये गिऱ्हाइके चहा पीत असता वाजवीत बसला. वादकाची उमेदवारी अशीच असते. ऐकणारे बोलत असतात, बश्या वाजत असतात, आणि तरी सूर सोडून चालत नाही.

सन १९०९ मध्ये त्याने क्युनार्ड कंपनीच्या आगबोटीवर नोकरी धरिली. ल्युकेनिया, लुसिटानिया व मॉरेटेनिया अशा तीन बोटींवर त्याने काम केले, व मॉरेटेनियावर तो वादकांचा नायक झाला. आगबोटीवरचे वादकाचे काम जमिनीवरच्या कामाहून निराळे असे. दुपारी चहाच्या वेळी, रात्री जेवणानंतर, रविवारी उपासनेस, असे दिवसातून अनेकदा वाजवावे लागे. हवा वादळी असली व स्वतःच्या पोटात ढवळत असले तरी गणवेष नीट घालून बसावे लागे. व्हाइट स्टार कंपनीने आपल्या वादकांसाठी एक छापील यादी केली होती. तीत ३५२ चिजा होत्या, व प्रत्येकीस क्रमांक दिलेला होता. उतारूने केवळ आकडा सांगावा व वादकांनी ती चीज तत्काळ सुरू करावी, असा संप्रदाय असे. गोव्यातील व मुंबईतील वाचकांस हे जीवन अगदीच अपरिचित नाही. गोव्याच्या धर्मग्रामांच्या शाळांत मेस्तांच्या हाताखाली स्वरलिपी व व्हायोलिन शिकलेले कित्येक ख्रिस्ती तरुण पुढे मुंबईस येऊन धोबीतलावच्या कुडींत उतरले व तेथून बोटींवर गेले. कोणी भटारखान्यात लागले, कोणी वाढपी झाले, आणि कोणी वाद्यवृंदातही बसले. त्यांच्या आयांनी दर्यावरच्या मुलांसाठी किती जपमाळा ओढल्या असतील ते परमेश्वरच जाणे.

आता पगाराविषयी सांगितले पाहिजे, कारण तेथे ह्या चरित्रातील अन्यायाचे मूळ आहे. आधी वादक हे थेट आगबोट कंपनीचे चाकर असत. पुढे लिव्हरपूलच्या ब्लॅक नामक आडत्यांनी सर्व मोठ्या कंपन्यांस वादक पुरविण्याचा मक्ता मिळविला. ज्या वादकास पूर्वी महिना साडेसहा पौंड मिळत, त्यास आता चार पौंड मिळू लागले, व गणवेषासाठी मिळणारे दहा शिलिंगही बंद झाले. जो हे मान्य करणार नाही त्यास कोणत्याच बोटीवर जागा मिळावयाची नाही. वादकांच्या संघाने तक्रार केली, पण उपयोग झाला नाही. उलट टायटॅनिकवर ह्या आठ जणांची नावे खलाशांच्या पटावर न घालता दुसऱ्या वर्गाचे उतारू म्हणून नोंदविण्यात आली; आठांचे मिळून एकच तिकीट होते. कामाच्या वेळी चाकर, हक्काच्या वेळी उतारू, अशी ही सोय होती. तिचा अर्थ पुढे कळून आला.

सन १९१० च्या सुमारास वॉलेसचा वाङ्निश्चय मराया रॉबिन्सन नावाच्या यॉर्कशायरमधील तरुणीशी झाला होता. तिने त्या प्रसंगी त्यास एक व्हायोलिन भेट दिले, व त्यावर चांदीची लहानशी पट्टी बसवून तीवर वाङ्निश्चयाची नोंद कोरविली. टायटॅनिकवर येण्याविषयी त्यास विचारणा झाली तेव्हा विवाह जवळ आल्यामुळे तो प्रथम कचरला असे म्हणतात. तथापि नवी व सर्वांत मोठी बोट, तीवर नायकाची जागा, आणि पुढील कामास उपयोगी पडणाऱ्या ओळखी, हे पाहून त्याने होकार दिला. मॉरेटेनियावरून उतरल्यास एकदोन दिवस झाले नाहीत तोच १० एप्रिल १९१२ रोजी तो साउदम्टन बंदरात टायटॅनिकवर चढला. वाटेत क्वीन्सटाउनहून आईबापांस त्याने पत्र धाडिले, त्यात बोट उत्तम आहे व आपले सोबती चांगले आहेत असे कळविले.

ते सोबती कोण होते? थिओडोर ब्रेली व पर्सी टेलर हे पियानो वाजविणारे, वुडवर्ड व रोझे ब्रिकू हे चेलो वाजविणारे, क्लार्क हा मोठ्या बासवर, आणि ह्यूम व जॉर्ज क्रिन्स हे व्हायोलिनवर. पाच जण हार्टलीच्या हाताखाली एका ठिकाणी वाजवीत, तर तिघे फ्रेंच थाटाच्या उपाहारगृहापाशी निराळे वाजवीत. ब्रिकू हा वीस वर्षांचा फ्रेंच पोर, कॅथलिक संस्थांत शिकलेला. त्याची एक विचित्र कथा आहे. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तो हजर झाला नाही म्हणून फ्रेंच सैन्याने त्यास पळपुटा ठरविले. तो दोन वर्षांपूर्वीच समुद्राच्या तळाशी गेला होता हे कोणी पाहिले नाही. त्याच्या मृत्यूची फ्रान्समध्ये रीतसर नोंद झाली ती सन २००० मध्ये.

१४ एप्रिल हा रविवार होता, ईस्टरनंतरचा पहिला. त्या बोटीवर आपले धर्मगुरूही होते. एसेक्समधील एका धर्मग्रामाचे फादर थॉमस बाइल्स आपल्या भावाचे लग्न लावण्यासाठी न्यूयॉर्कला निघाले होते. बव्हेरियाचे बेनेडिक्टाइन संन्यासी फादर पेरुशिट्झ व लिथुएनियाचे तरुण फादर माँटव्हिला हेही उतारूंत होते. त्या सकाळी दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या कॅथलिक उतारूंसाठी मिस्सा झाली, व फादर बाइल्स ह्यांनी प्रवचनात प्रार्थना व संस्कार ह्यांची उपमा बुडणाऱ्यास तारणाऱ्या होडीशी दिली, असे वाचलेल्यांनी सांगितले.

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी बोट हिमनगावर आदळली. बोटीवर २,२०० हून अधिक माणसे होती. होड्या होत्या वीस, व त्या सर्व भरल्या तरी १,१७८ माणसांचीच सोय होती. आणि त्या भरल्याही नाहीत. पहिल्या तासात पुष्कळांना धोका खराच वाटेना; थंडीत होडीत उतरण्यापेक्षा उजेडाच्या दिवाणखान्यात बसणे त्यांस बरे वाटले. अशा वेळी हार्टलीने आपली माणसे गोळा केली व पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यात वाजवावयास आरंभ केला. पुढे ती मंडळी वर, होड्या सोडीत होते त्या डेकवर, आली. दोन निरनिराळे ताफे एकत्र होऊन आठही जण एकाच ठिकाणी वाजवू लागले, असे बहुधा त्या रात्री प्रथमच घडले असावे. चिजा हलक्या, आनंदी, नाचाच्या होत्या. कोणी म्हणतील की मरणाच्या दारात नाचाची गते कशाला? मला वाटते, त्या घटकेस त्याहून शहाणे काम वादकाला करता आले नसते. हजारो माणसे एका अरुंद डेकवर, अंधारात, एकमेकांस तुडवू लागली असती तर ज्या सातशे जणांचे प्राण वाचले तेही वाचले नसते. ज्याच्या हाती व्हायोलिनशिवाय काही नाही, त्याने घबराट रोखावयाची ती व्हायोलिननेच.

त्यांनी शेवटी काय वाजविले ह्याविषयी वाद आहे. होड्यांतून दूर गेलेल्या कित्येकांनी सांगितले की वर उल्लेखिलेले याकोबाच्या शिडीचे स्तोत्र त्यांनी ऐकिले. बिनतारी यंत्रावरील हॅरल्ड ब्राइड हा शेवटपर्यंत बोटीवर होता. त्याने मात्र निराळ्याच चिजेचे नाव दिले, व ती शरद ऋतूच्या नावाची एक वॉल्ट्झ असावी असा पुष्कळांचा तर्क आहे. शिवाय त्या स्तोत्राच्या चाली तीन. अमेरिकन लोक एका चालीवर म्हणतात, इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे लोक दुसरीवर, व मेथॉडिस्ट तिसरीवर. मग एकाच सुरावटीत सर्वांना ओळखीचे स्तोत्र कसे ऐकू आले हा प्रश्न उरतोच. उलटपक्षी हार्टलीच्या एका जुन्या सोबत्याने नंतर सांगितले की बुडत्या बोटीवर सापडलो तर असलेच एखादे स्तोत्र वाजवीन, असे तो पूर्वी बोलला होता. माझा स्वतःचा कल स्तोत्राकडे आहे. परंतु वॉल्ट्झ असली तरी हार्टलीचे काहीच उणे होत नाही.

त्याच वेळी बोटीच्या मागच्या भागी फादर बाइल्स लोकांची पापनिवेदने ऐकत, जपमाळ म्हणत व पापक्षमा देत उभे होते. होडीत जागा देऊ केली असता त्यांनी ती घेतली नाही. अनेक भाषांची, अनेक धर्मांची माणसे त्यांच्याभोवती गुडघे टेकून होती. पुढच्या भागात व्हायोलिन, मागच्या भागात जपमाळ, अशी ती रात्र गेली. २ वाजून २० मिनिटांनी बोट पाण्याखाली गेली. तिन्ही धर्मगुरू गेले, आठही वादक गेले.

हॅलिफॅक्सहून धाडलेल्या मॅके बेनेट नावाच्या बोटीने पुढील दिवसांत शेकडो प्रेते पाण्यातून काढली. त्यांत हार्टलीचे प्रेत होते, क्रमांक २२४. अंगावर वादकाचा गणवेष तसाच होता. ते बोटीने लिव्हरपूलला आणले, बापाने ते ताब्यात घेतले, आणि १८ मे रोजी कोल्न येथे दफन झाले. अंत्ययात्रा पाहावयास तीसचाळीस हजार लोक लोटले, म्हणजे गावच्या वस्तीहून अधिक. बेथेल मंदिरात तेच स्तोत्र म्हणण्यात आले. त्याच महिन्याच्या २४ तारखेस लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये सात वाद्यवृंदांतील सुमारे पाचशे वादकांनी एकत्र येऊन मृत वादकांच्या कुटुंबांसाठी जलसा केला. तो चालविणाऱ्यांत आपले कॅथलिक संगीतकार सर एडवर्ड एल्गार हेही होते. सन १९१५ मध्ये कोल्न येथे हार्टलीचा अर्धपुतळा उभारला गेला.

परंतु आडत्यांचे काय? एकवीस वर्षांच्या ह्यूमच्या बापास त्यांनी पंधरवड्यातच गणवेषाचे बिल धाडिले, १४ शिलिंग ७ पेन्सांचे. ज्या कोटात पोरगा बुडाला त्याच्या बिल्ल्याचे व गुंड्यांचे दाम त्यात होते. कुटुंबांनी कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दाद मागितली, ती मिळाली नाही. वादक हे कंपनीचे नोकर होते असे कायद्याने ठरेना. शेवटी लोकांनी जमविलेल्या मदतनिधीतून त्यांच्या घरी काही पोहोचले. प्रभूने देवळातून सराफ हाकलून लावले तो वृत्तांत वाचताना मला ह्या बिलाची आठवण पुष्कळदा होते.

मराया रॉबिन्सनने पुढे लग्न केले नाही. व्हायोलिन चामड्याच्या पिशवीत घालून वॉलेसने अंगाशी बांधले होते असे म्हणतात. ते नोव्हा स्कोशियाच्या सरकाराकडून तिला परत मिळाले, व त्याबद्दल आभाराच्या तारेचा मसुदा जुलै १९१२ च्या तारखेने तिच्या रोजनिशीत आढळला. ती सन १९३९ मध्ये वारली. नंतर ते वाद्य साल्व्हेशन आर्मीच्या मंडळीकडे व तेथून एका संगीतशिक्षकाकडे गेले, आणि सन २००६ मध्ये एका घराच्या माळ्यावर पुन्हा सापडले. तज्ज्ञांनी कित्येक वर्षे तपासून ते खरे असल्याचा निर्वाळा दिला, जरी काहींचा संशय अजून फिटलेला नाही. १९ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याचा लिलाव झाला व बोली ९ लाख पौंडांवर थांबली. चांदीची पट्टी जागच्या जागी आहे. लाकडास मात्र तडे गेले आहेत, व ते वाजविता येत नाही.